उत्तर देण्याआधी ऐका



बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी आपल्या जालन्याचे नाव दूरवर नेले. कारखाना असो, दवाखाना, शाळा की कचेरी, कामाच्या ठिकाणी बैठका होतच असतात. तेथे बोलणारे पुष्कळ, ऐकणारे थोडे!

ऑगस्ट 2024 मध्ये जालन्यातील एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार जखमी झाले. त्याचे कारण ठरवणे हे तपासाचे काम. परंतु एवढे प्रत्येक भट्टीवाला जाणतो, की वितळलेल्या लोखंडात ओले भंगार किंवा तोंड बंद असलेला डबा पडला, तर स्फोट होऊ शकतो. आणि तो डबा प्रथम दिसतो भंगार निवडणाऱ्या कामगाराला. तो पुष्कळदा परप्रांतातून आलेला, ठेकेदाराकडचा. बैठकीत मागे उभा राहून त्याने हिंदीत काही सांगितले आणि साहेब मोबाईल पाहत "बरं, पुढे" म्हणाले, तर सर्वांत मोलाची सूचना वाया जाते.

कारखाना कायद्यात 1987 साली दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आली. कायदा दोघांना एका टेबलाशी बसवतो; कान देणे मात्र आपल्याच हाती असते.

पवित्र शास्त्रात शलमोन राजाने धन किंवा दीर्घायुष्य न मागता, लोकांचे ऐकून न्याय करणारे अंतःकरण मागितले (1 राजे, अध्याय 3). लगेच पुढे, एका बाळासाठी भांडणाऱ्या दोन स्त्रिया त्याच्यापुढे आल्या. तलवार मागवण्याआधी राजाने काय केले? ही असे म्हणते, ती तसे म्हणते, असे दोघींचे म्हणणे त्याने स्वतःच्या तोंडून पुन्हा मांडले. निर्णय त्यानंतर.

आपणही हे करू शकतो:

1. समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. मनात उत्तर जुळवत बसू नये.
2. "तुमचे म्हणणे असे आहे ना?" असे विचारून मगच आपले मत द्यावे.
3. जो गप्प आहे, त्याला नावाने विचारावे.

मनन : माझ्या कामाच्या ठिकाणी कोणाचे बोलणे मी नेहमी अर्ध्यावर तोडतो? या आठवड्यात एकदा तरी त्याचे पूर्ण ऐकून घेऊ या.