भिंत आमची, चित्र येणाऱ्या-जाणाऱ्यांचं

अमरावतीच्या राजापेठेत आमच्या घराची एक बाजू रस्त्याला लागून आहे. चाळीसेक फुटांची सलग भिंत. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि जुन्या पाच-सहा विद्यार्थ्यांना घेऊन ही भिंत रंगवायला काढली. शिकवायचे दिवस संपले असं वाटत होतं, ते खरंच होतं. शिकायचे सुरू झाले.

१. माझं चित्र चुकलंय हे मला बांधकामावर जाणाऱ्या एका बाईनं सांगितलं. आम्ही पऱ्हाटीचं शेत काढलं होतं आणि मधोमध कापूस वेचणारी बाई. तिसऱ्या दिवशी सकाळी ती डबा हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, बोंड तं मिटलेलंच हाय. मंग हे वेचून काय राह्यली?" मी पाहिलं. पांढऱ्यात हिरवा उठून दिसावा म्हणून बाईच्या हाताजवळचं बोंड मी हिरवंगार ठेवलं होतं. "अन् इची ओटी कुठी हाय?" असं म्हणून तिनं पदर कमरेला खोचून वेचलेला कापूस कसा साठवतात ते दाखवलं. तीन बोटं आत घालून बोंड कसं रिकामं करायचं, वाळलेली टोकं नखांच्या कडेला कशी लागतात, तेही. तिच्या बोटांवर त्या जुन्या ओरखड्यांच्या खुणा होत्या. माझा जन्म वऱ्हाडात गेला, पण कापूस मी एसटीच्या खिडकीतूनच पाहिला होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांना मी दरवर्षी सांगायची की आधी निरीक्षण करा. आम्ही बाईचा हात आणि बोंड दोन्ही पुसून पुन्हा काढलं. कॅनव्हासवरचं चित्र असतं तर ती बाई त्याच्यापर्यंत पोचलीच नसती, आणि चूक तशीच राहिली असती.

२. ही कला मुंबईहून आपल्याकडे आली असं मी मानत होते. तिथलं काम मोठंच आहे. बांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर 2014 साली रंगलेले दादासाहेब फाळके पाहून मी मान वर करून कितीतरी वेळ उभी होते. 2017 साली ससून डॉकसारख्या मासळीच्या धक्क्यावर चित्रकारांनी भिंती रंगवल्या. आपल्या विदर्भातही चंद्रपूर आणि बल्लारशाहची रेल्वे स्थानकं ताडोबाच्या वाघांनी सजली. पण 2007 साली अमरावतीच्याच हौशी निसर्गप्रेमींना गाविलगडच्या डोंगरात, मोर्शीच्या पलीकडे मध्य प्रदेशाच्या हद्दीत, अंबादेवी परिसरातल्या शैलगुहा सापडल्या. पावसापासून आडोसा देणारे खडक आणि त्यांवर काढलेली जनावरं, माणसं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा खर्च वराहदेवानं केला. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि त्यांची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. त्या खडकांवर चित्रं काढणाऱ्यांना मात्र कोणी खर्च दिला असेल असं मला वाटत नाही. नागपंचमीला चुलीशेजारच्या भिंतीवर नाग काढणारी माझी आजी मला त्यांच्याच घरातली वाटते.

३. गाडगेबाबांच्या चित्राखाली नाव लिहावं लागत नाही. खराटा आणि गाडगं काढलं की अमरावतीत लहान पोरगंही सांगतं. बाबांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांनी शाळा, धर्मशाळा उभ्या केल्या. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंतही भिंत पोचते, हे त्यांचं चित्र काढताना मला पहिल्यांदा नीट कळलं.

४. सरळ रेघ मारायला मला एका पेंटरकाकांनी शिकवलं. त्यांनी उमेदीत दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. पुढे फ्लेक्स आला आणि महिनाभराचं काम तासाभरात छापून मिळू लागलं. आम्ही फूटपट्टी लावून धडपडत होतो. ते आले, सुतळी गेरूत बुडवली, दोन टोकांना दोघांना धरायला लावली, मधोमध चिमटीत उचलून सोडली. टण्‌कन आवाज झाला आणि भिंतीवर वीस फुटांची सरळ रेघ उमटली. "उन्हाच्या आत आटपा, मॅडम," म्हणाले, "नऊनंतर रंग ब्रशवरच वाळते." आपल्या शहरात सार्वजनिक कला कोणी जपली असं मला कोणी विचारलं, तर मी आधी या माणसांची आठवण काढीन. त्यांच्या कुठल्याच पाटीवर त्यांची सही मोठी नव्हती. कोपऱ्यात बोटभर जागेत असायची.

५. परवानगीचा प्रश्न मला वाटला त्याहून अवघड निघाला. सार्वजनिक ठिकाणची मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात 1995 पासून कायदा आहे, आणि दुसऱ्याच्या भिंतीला विचारल्याशिवाय ब्रश लावू नये हे मला मनापासून पटतं. पण ज्याला स्वतःची भिंतच नाही त्यानं कुठं काढायचं? मागच्या वस्तीतला एक पोरगा रोज येऊन बघायचा. त्याच्यासाठी आम्ही खालचे दोन फूट मोकळे सोडले. त्यानं जेसीबी काढला. त्याचा पंजा शेजारच्या घरापेक्षा मोठा. मी आयुष्यभर प्रमाणबद्धता शिकवली, तरी त्या पंजाला हात लावायची मला इच्छा झाली नाही.

६. चित्र काढल्यावर भिंतीशी होणारी घाण बंद झाली असं सांगता आलं असतं तर मला आनंद झाला असता. कमी झाली, बंद झाली नाही. देवांच्या फरशा लावा, असं शेजारी सुचवतात. देवाला त्या कामाला लावणं माझ्या मनाला पटत नाही.

७. भिंतीवरचं चित्र जपून ठेवता येत नाही, हे मला अजून जड जातं. या पावसाळ्यात खालून लोणा चढला. पऱ्हाटीच्या मुळाशी रंगाचे पापुद्रे सुटलेत, जेसीबीचं एक चाक गेलंय. पोरगा म्हणतो, तो आता ट्रॅक्टर काढणार. दिवाळीनंतर भिंत खरवडून प्रायमर मारायचा आहे. ती बाई परवा पुन्हा दिसली. तिनं भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "यंदा सीतादही बी काढा." पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य कसा दाखवतात, कोण कुठं बसतं, हे मला माहीत नाही. ती रविवारी येऊन सांगणार आहे.