फोनची कार्यप्रणाली : अपडेटची मुदत आणि मराठी बोलणारा सहायक

ढोकी परिसरात सोयाबीनची रास होऊन माल बाजारात गेला की दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्षभर रखडलेल्या खरेद्या निघतात. त्यांत अलीकडे फोनची खरेदी हटकून असते. फोन ही चैनीची वस्तू आहे असे म्हणण्याचे दिवस आता गेले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, छायाचित्रासह, फोनवरून करावयाची झाली. बँकेचे व्यवहारही त्याच फोनवर होऊ लागले. म्हणजे फोन हे एक अवजार झाले, व अवजाराप्रमाणेच त्याची पारख झाली पाहिजे. दुकानात मात्र पारख होते ती कॅमेऱ्याची व बॅटरीची. फोन किती वर्षे सुरक्षित राहील आणि त्याच्याशी मराठीत बोलता येईल काय, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. त्यांची उत्तरे फोनच्या कार्यप्रणालीवर, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमवर, अवलंबून असतात.

फोनचे सर्व भाग चालविणारी मूळ व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली. आज बाजारात मुख्यतः दोन आहेत. ॲपल कंपनीची आयओएस केवळ त्याच कंपनीच्या आयफोनवर चालते. गूगलची अँड्रॉइड मात्र अनेक कंपन्या आपापल्या फोनांत बसवितात. खेड्यांतील बहुतेक फोन हे अँड्रॉइडचेच होत.

कोणतीही कार्यप्रणाली निर्दोष नसते. तिच्यात राहून गेलेल्या भेगा पुढे उघडकीस येतात व त्यांतून लबाड माणसे आत शिरू पाहतात. बांधाला लहानसे भगदाड पडले तर ते मोठा पाऊस येण्यापूर्वी बुजवावे लागते. सुरक्षा अपडेट हे तसेच काम होय. नवे रूप व नव्या सोयी देणारे अपडेट वेगळे. ते उशिरा आले तरी बिघडत नाही; सुरक्षेचे अपडेट मात्र वेळेवरच यावे लागते.

येथे दोन्ही प्रणालींतील फरक दिसून येतो. आयफोनची स्थिती स्वतःच्या विहिरीवरील बागायतीसारखी आहे. फोन व प्रणाली एकाच कंपनीची असल्यामुळे अपडेट निघाले की चालू मुदतीतील सर्व फोनांना एकाच वेळी मिळते. २०१५ साली आलेल्या आयफोन ६एसला २०२१ ची आयओएस १५ मिळाली, व त्यानंतरही मोठ्या भेगा बुजविणारी अपडेट अधूनमधून मिळत राहिली. अँड्रॉइडचे पाणी कालव्याचे. गूगल २०१५ पासून दरमहा सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. परंतु त्या फोन बनविणाऱ्या कंपनीने आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी जुळवून, तपासून मग सोडावयाच्या असतात. चारीच्या शेवटच्या शेताला पाणी उशिरा पोहोचते, कित्येकदा पोहोचतच नाही, तशीच गत कमी किमतीच्या पुष्कळ फोनांची होते. त्यांची मुदत दोन-तीन वर्षांतच संपते.

अर्थात सर्व अँड्रॉइड फोन एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. २०२३ च्या गूगल पिक्सेल ८ ला व २०२४ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस२४ ला सात वर्षांची हमी देण्यात आली. हे फोन महागच. पण २०२४ मध्येच आलेल्या सॅमसंगच्या ए१६ या तुलनेने स्वस्त फोनलाही सहा वर्षांची हमी मिळाली. म्हणजे केवळ किमतीवरून मुदतीचा अंदाज बांधू नये.

ह्या मुदतीबाबत एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. मुदत साधारणतः मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, गिऱ्हाइकाने फोन घेतल्यापासून नव्हे. तीन वर्षांची हमी असलेले मॉडेल दोन वर्षांनी दिवाळीच्या सवलतीत घेतले, तर हाती उरते ते एकच वर्ष. सवलत कशामुळे मिळाली हे मग ध्यानी येते. बियाण्याच्या पिशवीवर आपण वापराची मुदत पाहतो. फोन घेतानाही ‘हे मॉडेल केव्हा आले आणि सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील’ असे स्पष्ट विचारावे. जुना फोन घरात असल्यास सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. ती वर्षापूर्वीची असून नवे अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचा व्यवहार न करणे बरे. अपडेट असूनही एक दार उघडे राहतेच: अँड्रॉइडवर बाहेरून आलेली ॲपची फाईल बसविता येते. ‘पीएम किसान’ अशा नावाने व्हॉट्सॲपवर येणारी फाईल कदापि उघडू नये.

बटणांच्या फोनांत कायओएस ही तिसरी प्रणाली २०१७ च्या जिओफोनमुळे घरोघरी पोहोचली. तिच्यावर व्हॉट्सॲप आले आणि २०२५ मध्ये बंदही झाले. फोन धडधाकट, पण उपयोग निम्मा, अशी त्याची अवस्था झाली.

आता आवाजाकडे. ज्यांना टंकलेखन जमत नाही अशा वडीलधाऱ्यांना बोलून काम करता येणे ही मोठीच सोय होय. याबाबतीत अँड्रॉइडचे पारडे जड आहे. गूगलने २०१७ मध्ये मराठी बोलून लिहिण्याची सोय दिली, २०१८ मध्ये गूगल असिस्टंट मराठी बोलू लागला, आणि २०२४ मध्ये भारतात आलेले जेमिनी ॲप प्रारंभापासून मराठीसह आले. ॲपलचा सिरी वास्तविक २०११ चा, म्हणजे वयाने थोरला. परंतु इंग्रजीत मराठी मिसळून बोललेले त्याला कळू लागले ते २०२४ च्या आयओएस १८ पासून. जेमिनी आयफोनवरही घेता येते. तथापि बाजूचे बटण दाबून धरताच उभा राहतो तो सिरीच.

सहायकाशी मोटारीच्या आवाजापासून दूर जाऊन, एका वेळी एकच गोष्ट, लहान वाक्यात विचारावी. ‘उद्या ढोकीला पाऊस आहे का’ हा प्रश्न त्याच्या आवाक्यातला आहे. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी कोणते औषध किती घ्यावे, हे मात्र त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठरवू नये. तो चुकीचे मापही तितक्याच ठामपणे सांगतो. डब्यावरील लेबल वाचावे व सहायक कृषी अधिकाऱ्यास विचारावे. रेंज नसली की सहायकाची बहुतेक उत्तरे थांबतात. साध्या फोनवरून लागणारे किसान कॉल सेंटर, क्रमांक १८००-१८०-१५५१, हे २००४ पासून चालू आहे आणि तेथे माणूस बोलतो.

अपडेट करताना फोन पुरेसा चार्ज असावा, जागा मोकळी असावी आणि छायाचित्रांची एक प्रत दुसरीकडे ठेवलेली असावी. मोठे अपडेट ई-पीक पाहणीच्या शेवटच्या दिवसांत हाती घेऊ नये. नोंद पूर्ण करून मग रात्री घरी सावकाश करावे.