लेबर रूममधून परीक्षेकडे

प्रश्न : मी सोलापुरात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या एम.एस.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. ड्यूटीमुळे वाचन होत नाही. तयारी कशी करू?

उत्तर : ड्यूटी अभ्यासाच्या आड येते, हे आधी मनातून काढून टाका. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे लेखी पेपर चार. पण लाँग केस खाटेपाशीच मांडावी लागते.

झटके येणारी गर्भवती अक्कलकोटहून किंवा सीमेपलीकडच्या इंडीहून सिव्हिलला येते. तिला मॅग्नेशियम सल्फेट देताना प्रिचर्डचा डोस मनात म्हणा : ४ ग्रॅम शिरेतून, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम. पुढच्या प्रत्येक डोसआधी नी जर्क, श्वासाची गती आणि लघवीचं प्रमाण स्वतः तपासा. कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी आहे ना, तेही बघा. नी जर्क मिळाला नाही तर डोस थांबवायचा, हे खाटेपाशी शिकलेलं तोंडी परीक्षेत विसरत नाही. सवड मिळताच ‘विल्यम्स’मधलं तेवढंच प्रकरण वाचा.

हिस्टरीला कमी लेखू नका. इथल्या कित्येक बायका कन्नड किंवा तेलुगू बोलतात, शेवटच्या पाळीची तारीख सांगता येत नाही. ‘गड्ड्याच्या जत्रेआधी की नंतर?’ असं विचारलंत तर महिना सापडतो. त्यापुरती कन्नड शिकाच.

लेखीसाठी घड्याळ लावून उत्तरं लिहा. नुसतं वाचून हात चालत नाही. आणि आठवड्याला एक केस तुमच्या मॅडमसमोर मांडा. त्यांची वेळ आजच मागून घ्या.