संगणकावरील देवनागरी अक्षरे बिघडतात तेव्हा

लोणखेड्याच्या शाळेत तयार केलेली विद्यार्थ्यांची यादी शहाद्यास किंवा नंदुरबारास दुसऱ्या संगणकावर उघडावी आणि नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसावी, हा प्रसंग शिक्षकांस अपरिचित नाही. अशा वेळी घाईने नावे पुन्हा लिहिली जातात व त्यांत चुका शिरतात. दाखल्यावरील एक वेलांटी चुकली, तरी त्या मुलास पुढे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. म्हणून उपायापूर्वी निदान करावे.

कारण : संगणक अक्षराचा आकार साठवीत नाही, त्याचा क्रमांक साठवितो. त्या क्रमांकास आकार देण्याचे काम फाँट करतो. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांनी इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक उसने घेतले. कृतिदेवमध्ये ‘म’ दिसतो, तेथे वस्तुतः इंग्रजी लहान ‘ई’चा क्रमांक असतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर मूळचे इंग्रजी अक्षर उघडे पडते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतात मात्र देवनागरीस स्वतंत्र क्रमांक आहेत. त्यामुळे फाँट बदलला तरी ‘म’ हा ‘म’च राहतो.

लक्षणे व उपाय :

१. इंग्रजी अक्षरे दिसणे. मजकूर जुन्या फाँटातील आहे. तोच फाँट संगणकावर बसवावा. वर्डमध्ये फाँटाचे नाव वरच्या चौकटीत दिसले, म्हणजे तो फाँट संगणकावर आहेच असे समजू नये. नसलेल्या फाँटाचेही नाव तेथे दिसते.

२. रिकाम्या चौकटी दिसणे. मजकूर बहुधा युनिकोड असून निवडलेल्या फाँटात देवनागरी अक्षरे नाहीत. मजकूर निवडून मंगल, निर्मला किंवा नोटो देवनागरी हा फाँट द्यावा.

३. वेलांटीजवळ ठिपक्यांचे वर्तुळ दिसणे. चिन्हास आधारभूत व्यंजन मिळालेले नाही. जुन्या टंकलेखनाच्या सवयीने ऱ्हस्व वेलांटी आधी लिहिली की असे घडते. युनिकोडमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी. ती पुसून योग्य क्रमाने लिहावी.

दक्षता : जुना मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येतो, परंतु मूळ फाइलीची प्रत आधी राखून ठेवावी. परिवर्तनानंतर ऱ्हस्व वेलांटी व रफार विशेष तपासावेत. ‘दुर्गा’ लिहिताना कृतिदेवमध्ये रफार ‘गा’नंतर येतो, तर युनिकोडमध्ये ‘र्’ हा ‘ग’च्या आधी असतो. हा क्रम नीट उलटला नाही, तर नाव विद्रूप होते. ‘किरण’, ‘निर्मला’ यांसारखी नावे हजेरीपटाशी एकेक करून ताडून पाहावीत. नवे लेखन आरंभापासून युनिकोडमध्येच करावे. ज्यात पुढे बदल करावयाचा नाही असा कागद पीडीएफ रूपाने पाठवावा. त्यात सामान्यतः अक्षरांचे आकार सोबतच जातात.

स्वाध्याय : आपल्या शाळेतील एक जुनी यादी उघडून तिचा फाँट बदलून पाहावा. मंगल दिल्यावरही मराठी अक्षरे टिकली, तर ती युनिकोड. इंग्रजी अक्षरे उमटली, तर जुन्या फाँटातील. नंतर बदल न राखता फाइल बंद करावी. जुन्या फाँटातील यादी आढळल्यास, तो फाँट उपलब्ध आहे तोवरच तिचे परिवर्तन करून घ्यावे.