नवा सूत्रकृमी जाहीर करायचाय? खर्च, कागद आणि खाचखळगे

नाव ठेवायला पैसे लागत नाहीत. झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीतली नोंदणी मोफत, जेनबँक या सार्वजनिक साठ्यात जनुकक्रम ठेवणं मोफत. ‘नामकरण शुल्क’ म्हणून कोणी रक्कम मागितली तर तिथून उठा. खर्च होतो सूक्ष्मदर्शक, डीएनए आणि छपाईवर. वेळ खातात ते कागद आणि जुने शोधनिबंध.

आधी कृमी कोणता, ते ठरवा. पहिलीच वेळ असेल तर जिवाणू खाणारा निवडा. तो पेट्री डिशमध्ये अगारवर ई. कोलाय टाकून वाढतो, त्यामुळे मोजायला, फोटोला आणि डीएनएला हवे तितके नमुने मिळतात. मोनोंकस किंवा डोरीलायमस गटातले मोठे कृमी दिसायला देखणे, पण असे सहसा वाढत नाहीत. दर वेळी पुन्हा माती खणा.

माती पाऊस ओसरल्यावर, ओल असताना घ्या. वरच्या १५-२० सेंटिमीटरमधली अर्धा किलो पुरते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, सावलीत ठेवा, फ्रीजरमध्ये कधीच नको. पिशवीवर तारीख, जीपीएस, झाड किंवा पीक तिथेच लिहा. घरी गेल्यावर आठवून लिहिलेला पत्ता परीक्षक पहिल्या फेरीतच पकडतो.

आता कागद. स्वतःच्या शेतातली माती असेल तर प्रश्न नाही. दुसऱ्याच्या शेतातली असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर करा आणि गाडी ठरवण्याआधी करा. ‘चिमूटभर मातीला कोण विचारतंय’ हा सल्ला वनरक्षकही देईल, ऐकू नका. परवानगीचा क्रमांक नियतकालिक मागतं, आणि मागची तारीख टाकून तो मिळत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी इथे थांबून वाचावं. आयकर कायद्यानुसार तुम्ही अनिवासी असाल, तर भारतीय पासपोर्ट असूनही संशोधनासाठी इथले जैविक नमुने घ्यायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. आजोळच्या बागेतली माती बॅगेत घालून नेऊ नका. अमेरिका आणि युरोपीय संघ दोघांचेही परक्या मातीवर कडक निर्बंध आहेत.

माती धुणं स्वस्त आहे. बादलीत ढवळा, रेती बसू द्या, गढूळ पाणी चाळण्यांतून सोडा. शेवटची चाळणी ३२५ ते ५०० मेशची. या सगळ्या सामानात महाग तीच. उरलेला गाळ टिश्यूपेपरवर घालून बेरमन फनेलवर, म्हणजे खाली नळी जोडलेल्या पाणीभरल्या नरसाळ्यावर ठेवा. २४ ते ४८ तासांत जिवंत कृमी नळीच्या तळाशी उतरतात. ते उचलायला महागडी सुई नको: टूथपिकला पापणीचा केस चिकटवा, मिलिमीटरभर कृमी त्यावर अलगद येतो. काही कृमी उष्णतेने मारून फॉर्मॅलिनमध्ये, बाकीचे डीएनएसाठी वेगळ्या द्रावणात. हे पहिल्याच दिवशी करा. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या कृमीचा डीएनए मिळवणं फार अवघड.

पारदर्शक कृमीचे तपशील उठावदार दाखवणारा, डीआयसी जोडणीचा सूक्ष्मदर्शक लाखांत जातो. विकत घेऊ नका, विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र किंवा कीटकशास्त्र विभागात वेळ मागून घ्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी आयआयटी मुंबईतल्या ‘सैफ’सारखी केंद्रं आहेत. तिथे विद्यापीठाचा दर वेगळा, उद्योगाचा वेगळा, म्हणून अर्ज विद्यापीठातल्या मार्गदर्शकाच्या नावाने जाऊ द्या. नमुना सुकवणं आणि सोन्याचा मुलामा दरात धरलाय का, हे आधी विचारा. जनुकक्रमाची जाहिरात ‘काहीशे रुपयांत’ अशी असते. तो एका बाजूच्या वाचनाचा दर. दुसरी बाजू, पीसीआर, शुद्धीकरण, जीएसटी धरून कोटेशन मागा, आणि वाचन फसलं तर पैसे कोणाचे, तेही त्यातच लिहून घ्या.

‘डेटाबेसशी जुळत नाही, म्हणजे नवी प्रजाती’ असं प्रयोगशाळेने सांगितलं तर हुरळू नका. कित्येक जुन्या प्रजातींचा जनुकक्रम अजून कोणी काढलेलाच नाही. मापं काढावीच लागतात: दे मानच्या गुणोत्तरांनुसार लांबी भागिले जाडी, लांबी भागिले अन्ननलिका, लांबी भागिले शेपटी. दहा-वीस प्रौढ माद्या आणि मिळतील तितके नर मोजा. नुसत्या पिल्लांवर निबंध उभा राहत नाही.

मोजलेल्यांतला एकच नमुना होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा अधिकृत आधार-नमुना. तो घरच्या कपाटात ठेवायचा नाही. जैविक विविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती नेमलेल्या भांडारसंस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था, मुख्यालय कोलकाता, ही त्यांपैकी एक. पुण्यात आकुर्डीला तिचं केंद्र आहे. स्लाइड कुरिअरने पाठवू नका, हातोहात द्या. नोंदणी क्रमांक निबंधात छापून यायला हवा, म्हणून हे काम निबंध पाठवण्याआधीच उरका.

खिसा खरा कापला जातो तो प्रसिद्धीच्या वेळी. झूटॅक्सा हे नियतकालिक पानामागे पैसे घेत नाही. निबंध सर्वांना मोफत वाचता यावा असं हवं असेल तरच शुल्क. इतर बऱ्याच ठिकाणी निबंध स्वीकारल्यावर ‘ओपन ॲक्सेस’चं बटण समोर येतं. दाबलंत की बिल डॉलर किंवा युरोमध्ये, वर बँकेचं चलन-शुल्क. सवलत मागायची तर निबंध पाठवण्यापूर्वी मागा. चार दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्यांचा धोका पैशांपुरता नाही. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात झूबँकची नोंद निबंधातच दिसली नाही, तर नाव ग्राह्य धरलं जात नाही. मग तोच कृमी दुसरा कोणी रीतसर जाहीर करू शकतो.

मुदत? सगळं सुरळीत झालं तर दीड-दोन वर्षं धरा. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतून जिवंत झालेल्या कृमींची बातमी २०१८ मध्ये जगभर गाजली. त्यांतल्या एकाला पॅनाग्रोलायमस कोलिमाएन्सिस हे नाव मिळायला २०२३ उजाडलं. तुमच्याकडे तेवढी यंत्रणा नाही.

नावासाठी गावाला ‘-एन्सिस’ जोडणं सगळ्यात सुरक्षित. स्वतःचं नाव देण्यावर नियमात बंदी नाही, पण या वर्तुळात त्याला हसतात. आणि वर्तमानपत्राला बातमी द्यायची ती निबंध निघाल्यानंतर. तोवर नाव व्हॉट्सॲपवरसुद्धा फोडू नका.