नियम एक, माध्यमे अनेक

भिवंडी तालुक्यातील शेलारसारख्या गावात घराची कर आकारणी नमुना 8 मध्ये होते, मागणी नमुना 9 मध्ये नोंदली जाते आणि पावती नमुना 10 वर मिळते. 2011 पासून ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतींत संगणक आले. माध्यम बदलले म्हणून कराची रक्कम बदलता कामा नये. संगणकाच्या आज्ञावलीची रचना करतानाही हेच तत्त्व पाळावे लागते.

फलन म्हणजे काय?

एकाच माहितीपासून नेहमी एकच उत्तर देणारा नियम म्हणजे गणितातील फलन. 2015 मध्ये भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आली. ती असेच एक फलन होय. समजा, घर 50 चौ. मी., जमिनीचा दर 1,000 रुपये, बांधकामाचा दर 10,000 रुपये, घसारा गुणक 0.8, वापराचा भारांक 1 आणि कर हजारी 1 रुपया आहे. जमिनीचे मूल्य 50,000 व बांधकामाचे 4,00,000, म्हणून कर 450 रुपये. हे आकडे वहीतून आले की कळफलकावरून, याच्याशी नियमाला कर्तव्य नाही.

रचनेचे तीन भाग

आज्ञावलीचा एक भाग माहिती आत घेतो, दुसरा हिशेब करतो व तिसरा उत्तर बाहेर देतो. हे तिन्ही एकत्र गुंफल्यास प्रत्येक नव्या माध्यमासाठी नियम पुन्हा लिहावा लागतो. पुढे नियम बदलला आणि एखादी प्रत दुरुस्त करावयाची राहिली, तर एकाच घराचे दोन कर निघतात आणि नागरिकाचा विश्वास उडतो.

फलनाधिष्ठित आज्ञावलीत हिशेबाचे फलन स्वतः काही वाचत वा छापत नाही. 1990 मध्ये जाहीर झालेल्या हॅस्केल भाषेत संपूर्ण आज्ञावलीकडेही फलन म्हणूनच पाहिले गेले: बाहेरून येणाऱ्या उत्तरांची यादी घ्यावयाची आणि करावयाच्या मागण्यांची यादी द्यावयाची. ती प्रत्यक्षात आणण्याचे काम बाहेरील यंत्रणेचे. 1996 च्या सुधारित आवृत्तीत ही पद्धत बदलली; परंतु शुद्ध हिशेब व बाह्य व्यवहार यांतील सीमारेषा कायम राहिली.

पडताळणी सुलभ

या विभागणीचा लाभ तंत्रज्ञांपुरता मर्यादित नाही. पडदा वा छपाईयंत्र नसतानाही नियम तपासता येतो. ग्रामसेवकाने हाताने सोडविलेली दहा उदाहरणे त्याच फलनाला द्यावीत व उत्तरे ताडून पाहावीत. नवी संगणकप्रणाली स्वीकारताना पंचायत सदस्यांनी एवढे अवश्य विचारावे: नियम एकाच ठिकाणी लिहिला आहे काय, आणि तो स्वतंत्रपणे तपासता येतो काय?