कॅपखालचे निकेल

दातावर बसवलेली धातूची कॅप तोंडात फार वेळ उघडी राहत नाही. काही मिनिटांतच लाळेतील म्युसिन, अमायलेज, अल्ब्युमिन यांसारखी प्रथिने तिला चिकटतात आणि जीवाणू असोत वा हिरडीच्या पेशी, त्यांची गाठ आधी या प्रथिनांच्या थराशी पडते. त्याखाली धातूचे स्वतःचे कवच असते. स्वस्त म्हणून सर्रास वापरल्या जाणाऱ्या निकेल-क्रोमियम मिश्रधातूत बहुतांशी 60 ते 80 टक्के निकेल असते आणि तो सहसा गंजत नाही याचे कारण क्रोमियम होय, कारण ऑक्सिजनशी संयोग पावून ते पृष्ठभागावर काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरते.

हा पापुद्रा अभेद्य मात्र नसतो. कॅपच्या कडेशी साचलेल्या किटणातील आम्लाने किंवा चावताना होणाऱ्या घर्षणाने तो जागोजागी विरतो, निकेलचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटतात आणि प्रथिनांतील हिस्टिडिन या अमिनो आम्लाला घट्ट धरतात. एकटा आयन प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरण्याइतका मोठा नसतो, परंतु त्याने बदललेले प्रथिन तिला परके वाटू शकते. शिवाय माणसाच्या पेशींवरील ‘टीएलआर-4’ या ग्राहक प्रथिनात नेमकी अशी हिस्टिडिने असल्यामुळे निकेल त्याला थेट चेतवते, हे 2010 मध्ये दाखवले गेले. उंदरात ती नसल्याने त्याला निकेलची ॲलर्जी सहजी होत नाही, ही बाब प्राण्यांवरील चाचण्यांवर विसंबणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

कॅपलगतची हिरडी लाल होणे, गालाच्या आत पांढरट जाळी उमटणे, जळजळ होणे ही लक्षणे ॲलर्जीची असू शकतात. तथापि लाल हिरडीमागे बहुधा नीट न बसलेली कड आणि किटणच असते, म्हणून ते आधी तपासावे आणि केवळ संशयावरून कॅप काढून घेऊ नये. खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर निकेलची पट्टी 48 तास चिकटवतात आणि ती काढल्यावर एक-दोन दिवसांनी त्वचा पुन्हा पाहतात, कारण ही ॲलर्जी उशिरा प्रकटते. नकली कानातल्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याने किंवा बकलाने ज्यांच्या त्वचेला खाज सुटते त्यांनी कॅपचे माप देण्यापूर्वीच दंतवैद्यांना तसे सांगावे, झिर्कोनियासारखा निकेलविरहित पर्याय मागावा आणि बसवलेल्या मिश्रधातूचे नाव लिहून घ्यावे.